ढिगाऱ्यातील अंगण

युद्धावर हसावे काय, हा प्रश्न सहृदय माणसाला पडावा असाच आहे. ज्या दिवसांत घरांवर बॉम्ब पडत होते आणि माणसे विटामातीखाली गाडली जात होती, त्या दिवसांची कथा विनोदाच्या अंगाने सांगणे हा मृतांचा उपमर्द नव्हे काय? जॉन बूरमन या इंग्रज दिग्दर्शकाचा ‘होप अँड ग्लोरी’ (१९८७) हा चित्रपट पाहू लागताच ही शंका मनात येते. तिचे उत्तर चित्रपट थेट देत नाही. ते आपल्याला त्याच्या प्रसंगांतून वेचून घ्यावे लागते.

बूरमन यांचा जन्म १९३३ चा. लंडनच्या उपनगरात गेलेले आपले बालपण त्यांनी पन्नाशी उलटल्यावर पडद्यावर आणले. त्यांचे घराणे कॅथॉलिक नव्हते, तरी त्यांचे शिक्षण चर्टसी येथील सलेशियन फादरांच्या शाळेत झाले, हे आमच्या वाचकांना जाणून घ्यायला आवडेल. चित्रपटातील बिल रोहन म्हणजे बालपणीचे बूरमनच. ३ सप्टेंबर १९३९ च्या रविवारी पंतप्रधान चेंबरलेन रेडिओवरून युद्धाची वार्ता देतात, तेव्हा हा मुलगा घरामागच्या बागेत खेळण्यातील शिपायांशी खेळण्यात दंग असतो. पुढे वडील सैन्यात भरती होतात आणि आई ग्रेस तीन मुलांसह मागे राहते. रात्री भोंगा वाजतो, आकाश पेटते. सकाळी मुले रस्त्यावर पडलेले गोळ्यांचे तुकडे वेचायला धावतात. पडकी घरे त्यांच्या टोळीचे किल्ले होतात. शत्रूच्या विमानांना अडविण्यासाठी बांधलेला अजस्र फुगा एकदा दोर तोडून छपरांवरून डुलत निघतो आणि सारी आळी तो पाहायला बाहेर पडते. बिलच्या लेखी युद्ध ही जणू न संपणारी सुटी असते.

या विनोदाला धार आहे, ती शाळेच्या प्रसंगांत स्पष्ट दिसते. तोंडावर विषारी वायूपासून रक्षण करणारे मुखवटे चढवून मुले पाढे म्हणतात. जगाच्या नकाशावर साम्राज्याचा गुलाबी रंग दाखवून, हे सारे तुमच्यासाठी राखायला माणसे मरत आहेत, असे त्यांना बजावले जाते. त्या गुलाबी रंगात आपला देशही होता. चेंबरलेन यांनी घोषणा केली त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील नेत्यांना न विचारता हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले होते. चित्रपटाचे नाव एका साम्राज्यगीतावरून घेतलेले आहे. पण त्यातील आशा आणि वैभव साम्राज्याच्या नकाशावर सापडत नाही. ते स्वयंपाकघरात आणि नदीकाठी सापडते.

सर्वांत मोलाचा प्रसंग आहे तो रेल्वे स्थानकावरचा. मुलांना सुरक्षिततेसाठी दूर ऑस्ट्रेलियाला धाडायचे ठरलेले असते. गाडीपर्यंत आलेली ग्रेस अखेरच्या क्षणी कोसळते आणि मुलांना परत ओढून घेते. विवेकाच्या तराजूत तिची ही कृती चूक ठरेल. पण इतिहासाची एक नोंद येथे आठवते. असाच मुलांना कॅनडाला नेणारा ‘सिटी ऑफ बनारस’ हा जहाजाचा प्रवास १७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात संपला आणि त्या योजनेतील ९० मुलांपैकी ७७ दगावली. त्यानंतर मुलांना परदेशी पाठविण्याची ती सरकारी योजना थांबविण्यात आली. धाडणारे मातापिता निर्दय नव्हते आणि न धाडणारे शहाणे नव्हते. लेकरासाठी अंधारात निर्णय घेणे त्या काळी प्रत्येक घराच्या वाट्याला आले होते. बिलला यातले काहीच ठाऊक नसते. युद्ध आता आपल्याला पाहता येणार नाही, याचाच त्याला राग असतो.

येथे या चित्रपटाचे मर्म आम्हांस गवसते. बिल हसू शकतो, कारण त्याच्या वाट्याची भीती दुसरे कोणी सोसत असते. तो पडक्या भिंतीवर चढतो तेव्हा घरी आई शिधा पुरवून पुरवून वाढत असते. वडील जाण्यापूर्वी त्याला चेंडूची ‘गुगली’ टाकण्याची युक्ती शिकवून जातात. बापाने मुलाला दिलेला तो वारसाच होय. बालपण आपोआप टिकत नाही. कोणीतरी ते आपल्या देहाच्या आडोशाने राखत असते. प्रभू येशूने बालकाला शिष्यांच्या मध्यभागी उभे केले, ते या परावलंबी विश्वासासाठीच असावे.

कारण ही मुले काही देवदूत नव्हेत. शेजारच्या पॉलिनची आई बॉम्बहल्ल्यात मरते, तेव्हा मुले तिच्याभोवती जमतात आणि ही बातमी खरी की खोटी, याची तिच्यासमोरच चर्चा करतात. हे दृश्य हसू देत नाही. चित्रपट पॉलिनच्या दुःखापाशी फार काळ थांबत नाही, हे आम्हांस त्याचे उणेपण वाटते. तिचा आडोसा कोसळलेला आहे, एवढे सांगून तो पुढे जातो. आडोसा उरतच नाही तेव्हा काय होते, हे पाहायचे असेल तर इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) हा जपानी चित्रपट पाहावा. कोबेच्या बॉम्बहल्ल्यात आई गमावलेली दोन भावंडेही त्यात खेळ मांडतात, काजवे पकडतात. पण त्यांना सांभाळणारे मोठे माणूस नसते आणि भुकेपुढे खेळ हरतो. हे दोन चित्रपट एकाच सत्याच्या दोन बाजू आहेत.

रोहन कुटुंबाचे घर जळते, तेही बॉम्बने नव्हे, साध्या आगीने. मग सारे टेम्स नदीकाठच्या आजोबांकडे जातात. हे आजोबा तिरसट, तोंडाळ आणि विलक्षण प्रेमळ आहेत. सुटी संपून शाळेत परतण्याचा दिवस उगवतो, तर भरकटलेल्या बॉम्बने शाळाच पेटलेली असते! मुले नाचतात, एक जण चक्क हिटलरचे आभार मानतो. आपणही हसतो आणि हसता हसता चपापतो. त्या मुलांचे हसू मृतांवर नसते. मोठ्यांनी मांडलेल्या जगाच्या फजितीवर ते असते.

थोरल्या बहिणीच्या प्रेमप्रकरणासारखे काही प्रसंग लहानांना दाखविण्याजोगे नाहीत. जाणत्या मुलांबरोबर मात्र आईवडिलांनी हा चित्रपट जरूर पाहावा आणि नंतर टीव्ही बंद करून एक प्रश्न घरात विचारावा: आपण लहानपणी निर्धास्त झोपलो, त्या रात्री आपल्यासाठी कोण जागे होते? ज्यांचे नाव सुचेल ते हयात असतील, तर त्यांच्यापाशी जाऊन बसावे.