मराठी नाताळच्या आठवणी

आपल्या वाङ्मयांत बालपणींच्या दिवाळीचा एक ठरीव सांचा होऊन बसला आहे. पहाटेचा अंधार, उटण्याचा वास, अंगणांतला मातीचा किल्ला आणि तळण होण्याआधींच चकली उचलली म्हणून आईनें घातलेला धपाटा, एवढें सामान मांडलें कीं लेखकाचें काम झालें आणि वाचकाचेंहि झालें. कारण पुढचें त्याला स्वतःचेंच आठवूं लागतें. नाताळची गोष्ट तशी नाहीं. मराठी बोलणारीं, मराठींत प्रार्थना करणारीं ख्रिस्ती घरें या महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तरी त्या घरांतल्या मुलानें नाताळ कसा पाहिला, त्या दिवशीं तें कशाला हसलें आणि कशासाठीं रडलें, याचें जिवंत चित्र मराठींत क्वचितच भेटतें. असें कां व्हावें, आणि तें चित्र उतरवावयाचें तर कोणत्या रीतीनें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पहिलें कारण ऐतिहासिक आहे. मराठी ख्रिस्ती आत्मचरित्राचा आरंभ धर्मांतराच्या कथेनें झाला. बाबा पदमनजींनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ सालीं त्यांचा 'अरुणोदय' प्रसिद्ध झाला. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई पांच वर्षांनीं त्याच वाटेनें गेल्या, आणि त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागशः बाहेर पडलीं. या दोन्ही ग्रंथांत बालपण आहे, पण तें हिंदु घरांतलें बालपण आहे. धर्मांतराच्या कथेचा नायक प्रौढच असावा लागतो; त्यानें विचारपूर्वक जुनें घर सोडलेलें असतें, आणि त्याचें बालपण त्या सोडलेल्या घरांतच राहून गेलेलें असतें. ज्यांना नाताळ पाळण्यांतच भेटला, ती पुढची पिढी. त्या पिढीपाशीं सांगण्यासारखा रोमहर्षक निर्णय नव्हता. होतें तें केवळ साधें घर. आणि साधें घरहि लिहिण्याजोगें असतें, हें माणसाला फार उशिरां कळतें.

दुसरें कारण वृत्तीचें आहे. या विषयावरील जें थोडें लेखन माझ्या वाचनांत आलें, त्यांत दोन दोष मला वारंवार दिसले. पहिल्याला मी वकिली म्हणतों. लेखक पहिल्या वाक्यापासून समजावूं लागतो कीं नाताळ म्हणजे आमची दिवाळीच. आम्हीहि करंज्या करतों, आम्हीहि येथलेच. हें सर्व खरें आहे. परंतु साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा असलेला माणूस विनोद करीत नाहीं, आणि बालपण तर त्याला मुळींच आठवत नाहीं. दुसरा दोष उसन्या हिमाचा. वसई आणि गोवें येथील गोष्ट निराळी. तेथें पोर्तुगीज अमलापासून नाताळ गांवांत मुरलेला आहे, आणि नाताळ हा शब्दहि आपल्याला पोर्तुगीज भाषेनेंच दिला. पण देशावर आणि मराठवाड्यांत आम्हीं हा सण गोऱ्या मिशनऱ्यांकडून आणि त्यांच्या चित्रमय भेटकार्डांवरून शिकलों. त्यामुळें लेखकाचें गांव पाथर्डी असो कीं पैठण, त्याच्या आठवणींत छपरांवर हिम सांचतें आणि धुराड्यांतून धूर निघतो.

येथें इंग्रजी वाङ्मयाकडे वळणें प्राप्त आहे, कारण हें हिम बहुतांशीं तेथूनच आलेलें आहे. डिकन्सची 'ख्रिसमस कॅरल' १८४३ सालची. तिचा प्रभाव सर्वज्ञात आहे. परंतु आठवणींच्या लेखनाचा आदर्श म्हणून मी डिलन टॉमस या वेल्श कवीचा 'अ चाइल्ड्‌स ख्रिसमस इन वेल्स' हा छोटा गद्यलेख पुढें ठेवतों. १९४५ सालच्या एका नभोवाणी-भाषणापासून वाढत जाऊन १९५० सालीं तो एका अमेरिकन मासिकांत आला. त्यांत हिम भरपूर आहे. पण लेखाचा प्राण हिम नव्हे. शेजारच्या घरांत धूर कोंडतो, यजमान सपाता घेऊन त्या धुरालाच मारीत उभा असतो, आणि मुलें मदत म्हणून धुरावर बर्फाचे गोळे फेंकतात. सणाची आठवण येथें फजितीच्या दारानें आंत येते. आणि तें हिम त्या मुलाच्या अंगणांत पडणारें हिम आहे.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शुभवर्तमानांतील जन्मकथेंत हिमाचा उल्लेखच नाहीं. मत्तयानें तारा सांगितला, लूकनें गव्हाण सांगितली. हिम कोणींच सांगितलें नाहीं. तें उत्तरेकडील लोकांनीं आपल्या घरचें घातलें. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकारानें १५६६ सालीं बेथलेहेमची शिरगणति रंगविली, तेव्हां गाढवावर बसलेली मरीया त्यानें आपल्याच देशांतल्या बर्फानें भरलेल्या खेड्यांतून नेली. म्हणजे हिम ही त्यांची करंजी आहे. आपण त्यांचें हिम उचललें, पण त्यांची रीत उचलली नाहीं. ती रीत एवढीच, कीं दूरची पवित्र कथा आपल्या ओसरीवर आणून बसवावी.

सिद्धांत मांडणारानें तो स्वतःच्या अनुभवावर पारखून दाखवावा हें बरें. माझे वडील मूळचे अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतले; तेथें अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ पासूनचें. शिक्षकाच्या नोकरींत त्यांची बदली अजिंठ्यास झाली. लेणीं घाटाखालीं आणि गांव घाटावर. १९७८ च्या सुमारास त्या गांवांत ख्रिस्ती घर आमचें एकच होतें. चित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ पासून अजिंठ्यास येऊन राहिलेला रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी, आणि १८५६ सालीं वारलेली त्याची पारो, या दोघांच्या कथा गांवांत अजून चालू होत्या. आणि एका वृद्ध गृहस्थांची ठाम समजूत अशी होती कीं आम्ही गिलसाहेबाच्याच खानदानांतले. वडिलांचा वर्ण पाहूनहि ती डळमळली नाहीं. "ऊन लागलं असंल," असें ते म्हणत.

दिवाळी सरली कीं उरलेले आकाशकंदील दुकानदार निम्म्या किंमतीस देई. वडील त्यांतला एक नाताळसाठीं घेऊन ठेवीत. एका वर्षीं तो षट्‌कोनी निघाला. भेटकार्डावरचा तारा पांच कोनांचा असतो म्हणून मी रडूं लागलों, तेव्हां वडिलांनीं बायबल उघडून दाखविलें कीं ताऱ्याला कोन किती हें मत्तयानें सांगितलेलें नाहीं. मागी लोक किती होते हेंहि त्यानें सांगितलेलें नाहीं, ही गोष्ट मीं त्याच वेळीं पाहून ठेविली. पुढें ओसरीवर जन्मकथेचें नाटक करावयाचें ठरलें आणि गल्लींतल्या एकूण एक मुलाला डोक्यावर मुकुट हवासा झाला, तेव्हां या ज्ञानाचा उपयोग झाला. आमच्या नाटकांत मागी सात होते. त्यांतले तीन शेजारच्या दर्जीचाचांचे मुलगे. मुकुटांना लागणारी जर त्यांच्याच दुकानांतून आली होती.

झाड म्हणून बाभळीची फांदी आणली जाई. कापसाच्या गाड्या ज्या रस्त्यानें जातात, त्याच्या कडेच्या बाभळींच्या कांट्यांना कापूस अडकून राहतो हें त्या मुलखांतल्या प्रत्येकानें पाहिलेलें आहे. पण तें हिम आहे, हा शोध माझ्या बहिणीचा. अधिक हिमासाठीं आम्ही शेजारच्या शेतकऱ्याच्या आजीकडे गेलों. वेचणीचे दिवस होते. तिनें ओंजळी भरभरून कापूस दिला आणि बजावलें, "तुमचा देव जलमला की माहा कापूस वापस द्या बरं, वाती वळायच्या हायेत." त्या हिमांत सरकी होती. काळ्या सरकीचें हिम बेथलेहेमवर पडलें, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत तें मोजून मापून परत गेलें. त्याच्या वाती तिच्या देवघरांत जळतांना मीं पाहिल्या आहेत.

नाटकासाठीं मेंढरूं मिळालें नाहीं म्हणून मेंढपाळानें शेळी आणली. देवदूतानें तोंड उघडण्यापूर्वींच ती सरळ गव्हाणीकडे गेली आणि बाळाखालचा कडबा खाऊं लागली. योसेफानें आपली सारी प्रतिष्ठा सोडून तिला काठी मारली. मरीयेनें बाळ उचलून खांद्यावर टाकलें. सातहि मागी हसत खालीं बसले. वडील 'उपासनासंगीत' उघडून गायन सांगत होते, ते मात्र न थांबतां एकटेच शेवटच्या कडव्यापर्यंत गेले. त्याच रात्रीं त्यांनीं पातेल्यांत वाळू घालून, वर निखारे ठेवून भाजलेला केक बाहेर आला. सुरी त्यांत शिरेना. वडिलांनीं त्याच्याकडे शांतपणें पाहिलें आणि म्हणाले, "हा कापायचा नाही, कोरायचा आहे. अजिंठ्याचा आहे." मग आम्हीं आईच्या करंज्या खाल्ल्या.

असल्या प्रसंगांवर एक आक्षेप येईल कीं पवित्र सणाच्या ठिकाणीं हें हसें औचित्याला धरून आहे काय? माझें उत्तर असें कीं गव्हाण ही मुळांत जनावराच्या तोंडासाठींच असते. लूकच्या कथेंतलें अर्धें मर्म आम्हांला त्या शेळीनें शिकविलें. घाट उतरून सतराव्या लेण्यांत जावें. पांचव्या शतकांतल्या चित्रकारांनीं तेथें विश्वंतर जातक रंगविलें आहे. सर्वस्व देऊन टाकणारा तो राजपुत्र बायकोमुलांसह रथांतून निघतो, तो बाजारपेठेंतून. एका बाजूस राजपुत्राचें वनगमन, आणि दुसऱ्या बाजूस दुकानदारांचें दुकान चालूच आहे. चित्रकाराला कथा परंपरेनें दिली. दुकानें त्यानें आपल्या गांवांतलीं घेतलीं. त्यामुळें कथेचें पावित्र्य उणें झालें असें कोणी म्हणत नाहीं.

विनोदाची दुसरी अट दृष्टीची आहे. न. चिं. केळकरांनीं १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्ष या नात्यानें वाङ्मयानंदाला 'सविकल्प समाधि' असें नांव दिलें: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण स्वतःचें भान ठेवून शिरतो. बालपण लिहिणाराची अवस्था नेमकी हीच. सात मागी असण्यांत त्या मुलाला कांहींच हास्यास्पद दिसत नव्हतें. तो पूर्ण गंभीर होता. हसतो तो आज लिहिणारा प्रौढ. मुलाचें गांभीर्य आणि प्रौढाचें हसूं या दोहोंमधलें अंतर राखलें तर विनोद होतो. मुलालाच चतुर केलें तर नुसती थट्टा होते. आणि प्रौढ मुळींच हसला नाहीं, तर तो पुन्हां वकील होतो.

लक्ष्मीबाईंना नाताळचें बालपण लाभलें नाहीं, पण हें अंतर त्यांच्याइतकें कोणाला साधलें? वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, पतीचा लहरीपणा आणि उधळी दानत, स्वतःचें अज्ञान, सर्व त्यांनीं हसत हसत सांगितलें. आणि आश्चर्य असें कीं ग्रंथ मिटतांना त्यांतलें कोणीच लहान झालेलें नसतें. त्यांना कोणापुढें कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें. आपल्या घराला हसण्याइतकें तें घर आपलें आहे, याची त्यांना खात्री होती.

ती खात्री मला नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. अजिंठा सोडून मी शहरांत शिकावयास गेलों, तेव्हां इंग्रजीच्या तासाला 'माझा नाताळ' या विषयावर निबंध लिहिण्यास सांगण्यांत आलें. मीं धुराडें लिहिलें, त्याच्यापुढें टांगलेले मोजे लिहिले, भाजलेला टर्की पक्षी लिहिला आणि खिडकीबाहेर हिम पाडलें. सरकीचा एक दाणाहि त्यांत नव्हता. वर्गांत सर्वांत अधिक गुण मिळाले. सुटींत मीं तो निबंध अभिमानानें वडिलांपुढें ठेविला. त्यांनीं तो शांतपणें वाचला, आणि आईला इंग्रजी येत नव्हतें म्हणून मराठी करून मोठ्यानें वाचून दाखविला. आई निवडणें निवडतां निवडतां ऐकत होती. संपल्यावर तिनें एवढेंच विचारलें, "मग करंज्या कोणी केल्या?"

त्या प्रश्नाला मीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. वडील उठून बाहेर गेले. त्या निबंधाविषयीं ते पुढें कधीं बोलले नाहींत. आज ते दोघेहि नाहींत. साहित्यशास्त्र शिकवितांना देशकालाच्या औचित्याविषयीं मी वर्षानुवर्षें बोलत आलों. परंतु आईच्या त्या चार शब्दांहून नेमकी टीका कोणत्याहि टीकाकारानें माझ्या लेखनावर केलेली मला आठवत नाहीं. ज्यांचें बालपण मराठी नाताळांत गेलें आहे, त्यांनीं तें लिहिण्यास बसावें, आणि लिहून झाल्यावर हाच एक प्रश्न आपल्या लेखाला विचारून पाहावा. माझ्यापुरतें उत्तर मीं येथें उशिरां कां होईना नोंदविलें आहे: करंज्या आईनें केल्या, सारण खोबऱ्याचें होतें, आणि हिम आजीकडून उसनें आणलेलें होतें, तें परत केलें.