विकत्थन मांत्रिक : भूमिकाखेळातील एका पात्रप्रकाराची चिकित्सा

दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त नायकाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांपैकी धीरोद्धताच्या वाट्याला अभ्यासकांची आस्था फारशी आलेली नाही. दर्प आणि मत्सर यांनी भरलेला, माया व कपट यांत रमणारा, अहंकारी, चंचल, क्रोधी आणि ‘विकत्थन’, म्हणजे स्वतःची फुशारकी मारणारा, असे त्याचे लक्षण आहे. टीकाकार धनिक माया म्हणजे मंत्रबळाने नसलेली वस्तू प्रकट करणे, असे स्पष्टीकरण देतो आणि उदाहरणादाखल परशुराम व रावण यांचा निर्देश करतो. मंत्रसामर्थ्य आणि आत्मश्लाघा ही दोन्ही या लक्षणात एकाच व्यक्तीच्या ठायी आली आहेत, ही गोष्ट सहसा नजरेतून निसटते. हीच सांगड गेल्या पन्नास वर्षांत, अगदी वेगळ्या भूमीत वाढलेल्या एका खेळप्रकारात पुन्हा दिसू लागली आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, इतर प्रत्येकजण एकेका पात्राच्या वतीने बोलतो, आणि परिणामाविषयी शंका असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. रंगमंच नाही, नेपथ्य नाही. जे घडते ते सारे बोलण्यातच घडते. अशा खेळात वीज पाडणारा, अंगरखा फडकवीत प्रवेश करणारा, प्रत्येक मंत्रापूर्वी टाळीची अपेक्षा करणारा मांत्रिक अनेकांना खेळावासा वाटतो. (मराठीत ‘मांत्रिक’ म्हटले की भूत उतरविणारा आठवतो आणि ‘जादूगार’ म्हटले की टोपीतून ससा काढणारा. प्रस्तुत पात्र या दोहोंच्या सीमेवर उभे आहे, आणि त्याची मौजही तेथेच आहे.)

असे पात्र कसे घडवावे याविषयीचा सल्ला बहुधा शक्तींच्या निवडीपासून सुरू होतो. कोणत्या मंत्राचा स्फोट मोठा, कोणत्या गुणाचा अंक अधिक असावा, याचा हिशेब आधी मांडला जातो. ही सुरुवातच चुकीची आहे. स्फोट मोठा असला म्हणून मांत्रिक दिखाऊ ठरत नाही. मोठा स्फोट मुकाट्यानेही करता येतो. दिखाऊपणा हा सामर्थ्याचा गुण नसून उक्तीचा गुण आहे. नियम जेथे बोलणे थांबवितो तेथून त्याचा प्रारंभ होतो.

२०१४ च्या नियमपुस्तकातील ‘फायरबॉल’ हा मंत्र पाहावा. वीस फूट त्रिज्येच्या गोलात सापडलेल्यांना आठ षट्फलकी फाशांइतकी इजा होते. मांत्रिकाच्या बोटापासून तेजाची रेषा निघते, एवढे वर्णन नियमात आहे. पण मांत्रिक त्या वेळी काय म्हणतो, हे नाही. हे मौन अपघाती नव्हे. बहुतेक मंत्रांना उच्चार आवश्यक मानूनही हे पुस्तक सांगते की, सामर्थ्य शब्दांत नसून विशिष्ट स्वर आणि नाद यांच्या जुळणीत आहे. निरुक्तात यास्काने ज्याच्या मताचा परामर्श घेतला आहे, त्या कौत्साचीच ही भूमिका होय. मंत्र अनर्थक आहेत, असे कौत्साचे म्हणणे होते. त्याचे हे मत विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेल्या खेळात भेटावे, हा योगायोग गमतीचा खरा. परंतु त्याचा खेळावरील परिणाम महत्त्वाचा आहे. मंत्राला अर्थ नाही, म्हणून मंत्राचे शब्द नाहीत. आणि शब्द नाहीत, म्हणून खेळाडूने ते स्वतः रचावयाचे किंवा ‘मी फायरबॉल टाकतो’ एवढे म्हणून मोकळे व्हावयाचे.

याच्या उलट बाजूस १९८७ साली निघालेला ‘आर्स मॅजिका’ हा जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हागेन यांचा खेळ आहे. त्यात मंत्र म्हणजे लॅटिन भाषेतील एक लहानसे वाक्य. ‘क्रेओ’, ‘मुतो’, ‘पेर्दो’ यांसारखी पाच क्रियापदे प्रथमपुरुषी एकवचनात आहेत. ‘इग्नेम’, ‘आक्वाम’, ‘तेर्राम’ यांसारखी दहा नामे कर्मकारकात आहेत. ‘क्रेओ इग्नेम’ म्हणजे ‘मी अग्नी निर्माण करतो’. कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययात दडलेला आहे; तरी ‘मी’ आहेच. येथे मंत्र सार्थ आहे, इतकेच नव्हे तर तो व्याकरणशुद्ध आत्मनिवेदन आहे. या खेळाच्या २००४ च्या पाचव्या आवृत्तीत तर उच्च स्वराला एक आणि अतिरंजित हातवाऱ्यांना एक असे गुण अधिक मिळतात. हलक्या आवाजाला पाच वजा होतात, आणि पूर्ण मौनाला दहा. दिखाऊ मांत्रिकाला येथे नियमच पाठीशी घालतो. २००१ च्या ‘एक्झॉल्टेड’ या खेळाने आणखी पुढे जाऊन, कृतीचे वर्णन जितके चमकदार तितके एक ते तीन फासे अधिक, अशी सोय केली.

ही सोय वरवर उदार दिसते, पण तिच्यात एक धोका आहे. फुशारकीला मोबदला ठरला की ती फुशारकी राहत नाही, मजुरी होते. एका फाशासाठी दर वेळी एक अलंकार मोजून देणारा खेळाडू थोड्याच वेळात थकतो, आणि ऐकणारे त्याच्याही आधी. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील मांत्रिकाच्या बढाईला काहीच मिळत नाही, उलट तिची किंमत मोजावी लागते, म्हणून ती त्याच्या स्वभावातून आलेली वाटते.

वस्तुतः या खेळाच्या घडणीतच बढाई मुरलेली आहे. १९७४ च्या नियमांत मांत्रिकाला पायरीगणिक पदवी होती, आणि स्वतःला ‘विझर्ड’ म्हणवून घेण्याचा मान अकराव्या पायरीवर मिळे. १९७८ च्या नियमपुस्तकात मंत्रांना बिग्बी, मॉर्डेनकाइनेन, टेन्सर, ड्रॉमिज अशा मांत्रिकांची नावे षष्ठी विभक्तीत जोडलेली दिसतात. त्यांतील ‘टेन्सर’ हे ‘अर्नेस्ट’ या नावाच्या रोमन अक्षरांची उलटापालट, तर ‘ड्रॉमिज’ म्हणजे जिम वॉर्ड हे नाव उलट्या क्रमाने. हात मंत्रशक्तीचा, पण तो ‘बिग्बीचा’; मंत्र दुसऱ्याने म्हटला तरी बढाई मूळ मालकाच्या नावे जमा होते. २०१६ साली इतर प्रकाशकांच्या उपयोगासाठी जो मुक्त नियमसंच निघाला, त्यातून ही षष्ठी गळली. मालकी हक्काच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण ‘गूढ हात’ या नावात एक स्वभाव नाहीसा झाला, हेही खरे. असे पात्र घडविणाऱ्याने पहिली गोष्ट करावी ती हीच, की आपल्या एखाद्या मंत्राला त्या पात्राचे नाव द्यावे.

बाकीची सामग्री अल्प आहे. ज्याचे मंत्रसामर्थ्य व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर अवलंबून असते असा ‘सॉर्सरर’ हा वर्ग पोथीपंडित ‘विझर्ड’पेक्षा अधिक योग्य. ‘प्रेस्टिडिजिटेशन’ हा क्षुल्लक मंत्र, ज्याने ठिणग्या उडतात, मंद सूर ऐकू येतात, मेणबत्ती पेटते किंवा विझते, तो अवश्य घ्यावा. त्याने शत्रूचे काहीच बिघडत नाही, म्हणूनच तो या पात्राचा खरा मंत्र. फायरबॉल घ्यावा, पण लहान दालनात त्याच्या वीस फुटांत सोबतीही सापडतात, हे विसरू नये. सोबत्यांना सावरण्याचे कौशल्य सॉर्सररला मिळते. तरीही २०१४ च्या नियमांत निम्मी इजा त्यांच्या वाट्याला येत असे.

आणि हा प्रश्न केवळ काल्पनिक आगीचा नाही. तीन-चार तासांच्या बैठकीतील वेळ ही पाच-सहा जणांची सामाईक मालमत्ता असते. फुशारक्या पात्राचा खेळाडू जेव्हा दर पाळीला पाच मिनिटे वर्णन करतो, तेव्हा तो पात्र रंगवीत नसून इतरांचा वेळ लुटीत असतो. टेबलावरून अशी पात्रे हद्दपार होतात ती बहुधा याच कारणाने. जे. एल. ऑस्टिनने १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत कृतिरूप उक्तींचा विचार मांडला. अशी उक्ती खरी वा खोटी नसते, तर सफल वा विफल होते, आणि सफल होण्यास ऐकणाऱ्याचाही सहभाग लागतो. बढाईला हे विशेष लागू पडते. कोणी ऐकून घेतलीच नाही, तर ती झालीच नाही.

मराठी भाषकाला हा भेद एका सर्वनामात सापडतो. ‘आम्ही’ हे श्रोत्याला वगळणारे अनेकवचन आहे. त्यातून राजेपण येते आणि अंतरही येते. ‘आपण’ हे श्रोत्याला सामावून घेणारे. पण नाक्यावरचा तरुण ‘आपण कोणाला भीत नाही’ म्हणतो, तेव्हा त्या ‘आपण’चा अर्थ ‘मी’ असतो, आणि तरीही समोरच्याला त्यात किंचित जागा उरते. त्याची बढाई ऐकणाऱ्याला चीड न येता हसू येते ते त्यामुळे. दिखाऊ मांत्रिक मराठीतून खेळावयाचा झाल्यास तो ‘आम्ही’त बोलणारा नसावा, या ‘आपण’त बोलणारा असावा. ‘आपण दार उडवले, आता आत शिरायचा मान भाल्यावाल्याचा’, असे म्हणणारा मांत्रिक आपल्या वाक्याच्या शेवटी दुसऱ्याची पाळी सुरू करून देतो. त्याची फुशारकी कितीही लांबली तरी कोणी तक्रार करीत नाही, आणि ती फारशी लांबतही नाही.

राहिला मौनाचा मुद्दा. २०१४ च्या नियमांत ‘काउंटरस्पेल’ने दुसऱ्याचा मंत्र हाणून पाडता येतो, मात्र साठ फुटांच्या आत तो मंत्र टाकला जात असताना दिसला पाहिजे. उच्च स्वरात, हात उभारून मंत्र म्हणणारा मांत्रिक शत्रूच्या हाती हे शस्त्र देतो. त्याच नियमांत सॉर्सररला तिसऱ्या पायरीवर मंत्र म्हणण्याच्या खास पद्धतींपैकी दोन निवडता येतात. त्यांतील ‘सटल स्पेल’मध्ये उच्चार आणि हातवारे दोन्ही लागत नाहीत. दिखाऊ पात्राला ती शोभत नाही, असे बहुतेकांना वाटेल. प्रत्यक्षात हीच पद्धत आवर्जून घ्यावी आणि क्वचितच वापरावी. दहा बैठकी ज्याने गर्जना केली, तो एखाद्या ओलिसाच्या सुटकेच्या वेळी एकही शब्द न उच्चारता, हात खिशातच ठेवून मंत्र टाकतो, तेव्हा प्रसंग किती गंभीर आहे हे सूत्रधाराने सांगण्यापूर्वीच टेबलाभोवतीच्या सर्वांना कळलेले असते.