वेदना आणि ठणका : आजारपणातल्या वाचनाविषयी

आजारी माणसाच्या उशाशी कोणते पुस्तक ठेवावे, याविषयी आपल्या घरांतून एक ठरलेला रिवाज आहे. म्हाताऱ्यांच्या उशाशी पोथी, तरुणांच्या उशाशी विनोदी कथासंग्रह आणि मुलांच्या हाती चित्रांचे मासिक. या रिवाजामागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आजार येतो, पंधरा दिवस, महिनाभर राहतो आणि मग एक तर तो जातो किंवा माणूस जातो. तोपर्यंत वेळ कसाबसा काढायचा. विषमज्वराच्या काळातला हा हिशेब आहे. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचे विकार, आमवात हे आजार घरातल्या माणसासारखे कायम मुक्कामाला येतात. त्यांना हा हिशेब लागू पडत नाही. अशा रोग्याला आजारासकट जगायचे असते आणि वाचायचे झाले तर आजारासकटच वाचायचे असते.

हे ऐकीव नाही. गेली नऊ वर्षे मला आमवात आहे. बोटांचे सांधे सकाळी तास-दीड तास आखडलेले असतात. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी रविवारी रात्री घेतली की सोमवार मळमळीत जातो. म्हणून सोमवारी वाचन नाही, मंगळवारी वर्तमानपत्र आणि बुधवारपासून पुस्तक, असा क्रम पडून गेला आहे. एवढे सांगण्याचे कारण, पुढच्या मतांना या हातांची मर्यादा आहे. जाड पुठ्ठ्याची कादंबरी मला उशीवर उघडी टाकूनच वाचावी लागते. जे पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरल्याखेरीज उघडे राहत नाही, ते कितीही थोर असले तरी अर्ध्यावर सुटते. प्रकाशक मंडळींनी याचाही कधी विचार करावा. परंतु आज बोलायचे आहे ते मजकुराविषयी. गेल्या पावसाळ्यात दुखणे उसळले होते, तेव्हा पेडण्याच्या घरी सोप्यावरच्या खाटेवर पडून जी काही मराठी पुस्तके वाचली, काही नव्याने, काही तिसऱ्यांदा, त्यांनी माझ्या मनात एक प्रश्न उभा केला. आपल्या साहित्यात दुःख एवढे आहे, मग दुखणे कोठे आहे?

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. स्वतः वरचेवर अंथरुणाला खिळणारी ही बाई. प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या जोडीला आजार हा साहित्याचा प्रमुख विषय का झाला नाही, असा तिचा सवाल आहे. त्याचे एक कारण ती भाषेत शोधते. साधी डोकेदुखी डॉक्टरला सांगायची तर इंग्रजीत शब्द सापडत नाहीत, अशी तिची तक्रार आहे. हे वाचून मला हसू आले. वुल्फबाईंना आमच्या पेडण्या-डिचोलीतल्या एखाद्या आजीपाशी बसवायला हवे होते. कळ येते, चमक भरते, उसण भरते, ठणका लागतो, जखम ठसठसते, डोळे चुणचुणतात, पायाला रग लागते, हाताला मुंग्या येतात, अंगात कणकण असते, छातीत भगभगते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कळ येते आणि जाते. ठणका रात्रभर राहतो. रग श्रमाने लागते आणि विश्रांतीने उतरते. उसण एका हालचालीत भरते. आपल्या पूर्वजांनी हे निदान भाषेतच करून ठेवले आहे.

म्हणजे वुल्फची अडचण आपली नव्हे. शब्द भरपूर आहेत, पण आपल्या ललित वाङ्मयात ते फारसे शिरले नाहीत. तेथे या सगळ्यांच्या जागी एकच शब्द येऊन बसला आहे : वेदना. आणि तोही बहुधा मनाच्या कामी लावलेला. कवीला वेदना होते, नायिकेच्या डोळ्यांत वेदना असते. गुडघ्यात वेदना असलेली नायिका मला तरी क्वचितच भेटली. आजार आला तर तो एखादा प्रसंग म्हणून येतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते. तो भाग मराठी कादंबरीतल्या सर्वांत खऱ्या शोकांपैकी आहे, यात शंका नाही. तरी तेथेही आपण पाहतो ते मागे राहिलेल्या भावाचे दुःख. आजाऱ्याच्या बाजूने जग कसे दिसते, हे आपल्या कथा-कादंबऱ्या क्वचितच विचारतात.

याचे ठळक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. केरीहून तर ओलांडून तेरेखोलला उतरावे, पुढे रेडी आणि रेडीनंतर शिरोडे. या शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिक्षक होते. ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’ या १९३४ सालच्या कादंबऱ्या त्याच काळातल्या. खांडेकरांची प्रकृती जन्मभर नाजूक. डोळे तर फारच अधू, आणि अखेरच्या वर्षांत दृष्टी जवळजवळ गेलेलीच होती. मजकूर सांगून दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागे. ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीला पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. मराठीतले ते पहिले.

‘ययाति’ मी या वेळी तिसऱ्यांदा वाचली. गोष्ट शरीराचीच आहे. शुक्राचार्यांच्या शापाने राजाला एकाएकी म्हातारपण येते आणि पुरू ते आपल्या अंगावर घेतो. तरुणपणी मला यात भोग आणि त्याग यांचा झगडा दिसला होता, आणि लेखकाचाही रोख तोच आहे. या वेळी मात्र माझे लक्ष पुरूकडे गेले. एका क्षणात वाकलेल्या पाठीचे, थरथरत्या हातांचे काय झाले असेल? सकाळी उठताना त्याला कोणत्या बाजूने वळावे लागले असेल? कादंबरीला यात गोडी नाही. म्हातारपण तेथे एक कल्पना आहे, त्यागाची किंमत मोजण्याचे माप. सुभाषितांसारखी वाक्ये एकामागून एक येतात. निरोगी असताना ती वहीत उतरवून घ्यावीशी वाटत. ठणका लागलेला असताना दोन पानांत थकवा येतो. याउलट त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मचरित्र मी न थकता वाचले. तेथला माणूस अधू आहे, गोंधळलेला आहे, आणि म्हणून जवळचा वाटतो. ज्या लेखकाने आयुष्यभर आपले डोळे सांभाळले, त्याने ते डोळे आपल्या नायकांना दिले नाहीत. त्यांना त्याने ध्येय दिले. त्या पिढीची ही रीतच होती. महात्मा फुल्यांना १८८८ साली पक्षाघात झाला, उजवा हात गेला, आणि त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. अशा माणसांना स्वतःच्या दुखण्याविषयी लिहिणे म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला असल्यास नवल नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण त्यामुळे आपल्या हाती काय आले नाही, हेही पाहायला हवे.

जे हाती आले ते एका बाईकडून आले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. आजाऱ्याच्या पुस्तकाची माझी जी कसोटी आहे, तिला हे पुस्तक पुरेपूर उतरते. कोठेही उघडावे, दोन पानांत एक प्रसंग पुरा होतो, आणि पुस्तक मिटले तरी धागा तुटत नाही. परंतु गुण एवढाच नाही. आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड येते. साऱ्या घराला वेठीला धरणारे वेड. आजचा डॉक्टर त्याला रोगाचे नाव देईल आणि गोळ्या लिहून देईल. लक्ष्मीबाई नाव देत नाहीत, वडिलांना दोषही देत नाहीत. त्या वेडाभोवती घरातली माणसे कशी जेवली, कशी भ्याली, कशी हसली, तेवढे सांगतात. दीर्घ आजार एकट्याचा नसतो, तो घराचा असतो, हे मराठीत याहून चांगले कोणी सांगितले आहे असे मला वाटत नाही. हे त्यांना साधले, कारण त्यांची भाषा स्वयंपाकघरातून आणि ओटीवरून आलेली आहे. पुस्तकी शिक्षण बेताचे, हे एरवी उणे म्हणून सांगितले जाते. ‘वेदना’ या शब्दाचा मोह त्यांना पडला नाही, यात त्या बेताच्या शिक्षणाचाही वाटा असेल.

शिरोड्याला लागून आरवली. तेथले जयवंत दळवी, जन्माने आमच्या गोव्यातल्या हडफड्याचे. ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) आमच्या भागात घरोघर वाचले गेले ते विनोदासाठी. दळवींचा खरा पिंड मात्र वेगळा. मनाचा आजार घरात कसा वस्तीला येतो, याचा एवढा पिच्छा दुसऱ्या कोणा मराठी लेखकाने पुरवला नसेल. ‘अंधाराच्या पारंब्या’ आणि तिच्यावरून झालेले ‘बॅरिस्टर’ नाटक यांत वेडाहूनही भयंकर आहे ती वेडाची वाट पाहणे. घराण्यात आहे, म्हणजे आपल्यालाही येणार का? ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे, त्यांना ही धास्ती निराळी समजावून सांगायला नको. ‘नातीगोती’ या नाटकात मतिमंद मुलगा वाढत्या वयाचा होतो आणि आईबापांना प्रश्न पडतो, आमच्या मागे याचे कोण? ‘बॅरिस्टर’मध्ये दळवी भयाच्या आहारी जातात, वाड्याचा काळोख जरा जास्तच दाट करतात, असे मला या वाचनात जाणवले. ‘नातीगोती’त तसा काळोख नाही. तेथे कामावर जाणारी, दमून येणारी, एकमेकांवर चिडणारी दोन माणसे आहेत. म्हणून मला ते श्रेष्ठ वाटते. दीर्घ आजारात भयापेक्षा दमणूक अधिक असते.

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मी या वेळी पहिल्यांदाच वाचले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडलेली कोल्हापूरची ही मुलगी. बाबूकाका दिवाण या, स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या, गृहस्थांमुळे तिला उभारी मिळते. पुढे ती सरकारी नोकरी करते आणि अपंगांसाठी मोठी संस्था उभारते. त्या संस्थेचा काजूप्रक्रियेचा प्रकल्प आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातच आहे. कलाकृती म्हणून पुस्तकात दोष आहेत. उत्तरार्धात संस्थेची हकीगत आत्मकथनावर मात करते, देणगीदारांची नावे येऊ लागतात. तरीही मी ते खाली ठेवले नाही. जिने चढता न येणे, दुसऱ्याने उचलून घेणे, अंगावर खिळणाऱ्या नजरा, हे सगळे ती सरळ लिहिते. असे पुस्तक वाचल्यावर आपणही उद्या डॉक्टरपुढे लाज सोडून बोलू, एवढे बळ येते. उत्तम साहित्याने हेच करावे असे नाही; पण ज्या पुस्तकाने हे केले त्याला समीक्षेच्या वहीत शून्य देता येणार नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रोग्याच्या सोयीने साहित्य तोलायचे का? उद्या दमेकऱ्यांची समीक्षा, परवा मधुमेह्यांची? माझे म्हणणे एवढेच की निरोगी वाचकाची समीक्षाही एका शरीराचीच समीक्षा असते. फक्त त्याला आपले शरीर जाणवत नाही. सूझन सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेने स्वतः कर्करोगाला तोंड दिल्यानंतर १९७८ साली एक छोटे पुस्तक लिहिले. क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती लेखकांनी रूपकांची जी जाळी विणली, त्यांचा रोग्याला जाच होतो. रोगाला रोगच म्हणावे, असा तिचा आग्रह. ‘ययाति’विषयीची माझी तक्रार याच जातीची आहे. मात्र सॉन्टॅगशी मी पूर्ण सहमत नाही. हाताला मुंग्या येतात, हेही रूपकच आहे. परंतु ते शरीराला चिकटून राहते, शरीर सोडून तत्त्वज्ञानाकडे उडत नाही. रूपक नको असे नाही, ते अंगाला लागलेले हवे.

शेवटी आपल्या घरांविषयी. आम्ही नव्या काबिजादीतली माणसे. पत्र, पोथी, पुस्तक मराठीत, बोलणे कोंकणीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी या दोन भाषांवरून घराघरांत वाद झाले. आजाऱ्याच्या खोलीत तो वाद कधी आलेला मी पाहिला नाही. तेथे कळ आणि ठणका दोन्ही भाषांत सारखेच चालतात. धोका निराळाच आहे. मागच्या महिन्यात इस्पितळात माझ्या रांगेत एक आजी होत्या, सोबत बारा-तेरा वर्षांचा नातू. आजींनी डॉक्टरांना सांगितले, रात्री गुडघा ठणकतो, पहाटे शिणक मारते, आणि जिना उतरताना कळ येते. डॉक्टर परप्रांतातले. त्यांनी नातवाकडे पाहिले. पोराने क्षणभर विचार केला आणि सांगितले, ‘पेन.’ डॉक्टरांनी तेच लिहिले. तीन दुखण्यांचे एक झाले, आणि आजी गप्प बसल्या.

पोराची चूक नव्हती. त्याच्या शाळेच्या पुस्तकात हे शब्द नाहीत, आणि आमच्या कथा-कादंबऱ्यांतही फारसे नाहीत. तो मराठी वाचायला लागलाच, तर त्याला ‘वेदना’ भेटेल, जी त्याच्या आजीने जन्मात कधी उच्चारली नाही. या दिवाळीत घरात सगळे जमतील तेव्हा ‘स्मृतिचित्रे’तली दोन पाने कोणीतरी मोठ्याने वाचावीत, आणि मग आजीला विचारावे, तुझे नेमके कसे दुखते? ती जे सांगेल ते मुलांनी ऐकून ठेवावे. डॉक्टरपुढे तेच उपयोगी पडणार आहे.