‘ॲन इन्सिग्निफिकंट मॅन’: प्रचार कोणाचा, निर्णय कोणाचा?



तुमच्यापैकी अनेकांनी अजून एकदाही मतदान केलेले नसेल. पण निवडणुकीचा प्रचार तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. रिक्षावरचा कर्णा, चौकातले फलक, दारात येऊन हात जोडणारा उमेदवार आणि आता मोबाइलवर येणाऱ्या छोट्या चित्रफिती. हे सगळे आपल्यापर्यंत येते ते पूर्ण तयार होऊनच. ते कोण तयार करते, कोणत्या खोलीत बसून आणि कोणाला खोलीबाहेर ठेवून, हे सहसा दिसत नाही. ते दाखवण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका माहितीपटाचे परीक्षण आपण या पाठात करणार आहोत. खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांचा ‘ॲन इन्सिग्निफिकंट मॅन’ हा तो माहितीपट. त्याचा विषय आहे २०१३ ची दिल्ली विधानसभा निवडणूक आणि त्यात प्रथमच उतरलेल्या आम आदमी पक्षाचा प्रचार.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगून ठेवतो. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो, राज्यशास्त्र नाही. त्यामुळे माझे लक्ष भाषणापेक्षा नळाकडे आधी जाते. दुसरे, मी पुरोगामी दृष्टीने हा माहितीपट पाहतो. पुरोगामी म्हणजे अमुक पक्षाचा, असे मी मानत नाही. प्रचारात कोणाचे प्रश्न मांडले गेले आणि निर्णय घेताना त्या लोकांना बसायला जागा मिळाली का, हे दोन प्रश्न विचारणे म्हणजे पुरोगामी दृष्टी, एवढाच अर्थ येथे घ्या. तुम्हाला हा मापदंड मान्य नसेल, तर तुमचा वेगळा मापदंड लावून पाहा; पण कोणता लावला ते स्पष्ट सांगा.

१. पार्श्वभूमी

पक्षाची स्थापना नोव्हेंबर २०१२ मध्ये झाली. दिल्लीत शीला दीक्षित १९९८ पासून सलग मुख्यमंत्री होत्या. मतदान ४ डिसेंबर २०१३ ला झाले आणि निकाल ८ डिसेंबरला लागला. म्हणजे नव्या पक्षाच्या हाती जेमतेम एक वर्ष होते. दिग्दर्शकांचा कॅमेरा या काळात पक्षाच्या बैठकांत, सभांत आणि गल्ल्यांत फिरत राहिला.

माहितीपट लोकवर्गणीतून उभा राहिला. २०१७ मध्ये सेन्सॉर मंडळाच्या पातळीवर तो अडला, कारण त्यात दिसणाऱ्या नेत्यांची ना-हरकत पत्रे आणण्याची अट घालण्यात आली होती. अपिलीय न्यायाधिकरणाने त्याला वाट करून दिली. प्रदर्शन रोखण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०१७ ला फेटाळली आणि दुसऱ्या दिवशी तो चित्रपटगृहांत लागला. नेत्यांच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर माहितीपट दाखवता येणार नसेल, तर आपल्याकडे फक्त जाहिरातीच उरतील. म्हणून या माहितीपटाच्या गुणदोषांच्या आधी त्याच्या असण्याचे मोल मान्य करायला हवे.

२. सांगण्याची रीत

यात निवेदक नाही. कोणी पडद्यामागून अर्थ समजावून देत नाही. माणसे बोलतात, भांडतात, दमतात आणि अधूनमधून दूरचित्रवाणीच्या बातम्यांचे तुकडे येतात. अमेरिकेत रॉबर्ट ड्रू यांच्या ‘प्रायमरी’ (१९६०) या माहितीपटाने विस्कॉन्सिन राज्यातील उमेदवारीची लढत अशाच रीतीने टिपली होती, तीच ही परंपरा. मराठीत राजकारणावरचा चित्रपट म्हटला की जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) आठवतो. त्यात सत्तेचा खेळ मंत्रालयाच्या बाजूने, एका पत्रकाराच्या नजरेने दिसतो. येथे मात्र कॅमेरा सत्तेबाहेर असलेल्यांबरोबर चालतो आणि सत्तेकडे जाताना ते कसे बदलतात, ते पाहतो.

या रीतीचा मोठा फायदा असा, की प्रेक्षक स्वतः न्याय करू शकतो. अरविंद केजरीवाल यांची चिकाटी आणि त्यांचा हट्ट एकाच प्रसंगात दिसतात. योगेंद्र यादव यांचा संयम दिसतो, तसेच पक्षात त्यांची जागा नेमकी कोणती याविषयीचा ताणही जाणवतो. उमेदवारीवरून नाराज झालेले कार्यकर्ते जाब विचारतात, तेव्हा ‘स्वराज’ हा शब्द घोषणेतून खाली उतरून खोलीत येतो. मला हा माहितीपटाचा कणा वाटतो.

तोटा असा, की जे कॅमेऱ्यासमोर घडत नाही ते नाहीसेच होते. जाहीरनाम्यातील आकडा कुठून आला, झाडू हे चिन्ह घराघरांत कसे वाचले गेले, हे निवेदनाशिवाय कळत नाही. ते आपल्याला बाहेरून भरावे लागते. पुढील दोन भाग त्यासाठीच आहेत.

३. पाण्याचे गणित

या प्रचाराचे मोठे श्रेय म्हणजे त्याने वीजबिल आणि पाणी हे विषय मध्यभागी आणले. प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळा जाहीरनामा काढण्याची कल्पनाही महत्त्वाची होती. राज्याच्या निवडणुकीत गल्लीचा प्रश्न लिहिला जाणे ही साधी गोष्ट नाही. शिवाय पाण्याचे वचन हवेत दिलेले नव्हते. दिल्लीत पोलीस आणि जमीन केंद्राकडे आहेत, पण दिल्ली जल बोर्ड राज्य सरकारच्या अखत्यारीत आहे. पाळता येण्याजोगे वचन देणे हा प्रचारातला पहिला प्रामाणिकपणा.

सरकार आल्यावर १ जानेवारी २०१४ पासून मीटर असलेल्या घरांना महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत झाले. यापेक्षा जास्त वापर झाला तर पूर्ण वापराचे बिल, अशी अट होती. आता वही काढा. २० हजार भागिले ३० म्हणजे दिवसाला सुमारे ६६७ लिटर. पाच माणसांच्या घरात माणशी १३३ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी १३५ लिटर हे माप अनेकदा धरतात, म्हणजे आकडा जवळपास चोख आहे. पण घरात दोघेच असतील तर माणशी ३३३ लिटर मोफत. आणि एका मीटरवर आठ माणसे असतील तर माणशी ८३ लिटर. त्या आठ जणांनी १३५ च्या मापाने पाणी वापरले, तर महिन्याचा वापर ३२ हजार लिटरच्या वर जातो आणि संपूर्ण बिल भरावे लागते.

काही वर्षांपूर्वी मी हा माहितीपट वर्गात दाखवला आणि नंतर मुलांना विचारले, “यात सर्वांत प्रभावी वक्ता कोण?” बराच वेळ चर्चा रंगली. एकाने मोफत पाण्याला ‘रेवडी’ म्हटले, दुसऱ्याने त्याला हक्क म्हटले. मग मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्या वस्तीत टँकर येतो. ज्यांच्याकडे मीटरच नाही, त्यांना या वचनात काय मिळालं?” मी अनेक वर्षे पाणीपुरवठा शिकवत होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. वक्त्याविषयीचा माझा प्रश्न किती पोकळ होता, ते तेव्हा कळले. ‘रेवडी की हक्क’ या वादाच्याही आधी, नळ कोणाच्या दारात पोचला आहे, हा प्रश्न येतो. माहितीपट त्या दारापर्यंत प्रचारासाठी जातो. वचन तिथे पोचेल का, हे पाहायला थांबत नाही.

४. झाडू आणि संतोष कोली

पक्षाचे चिन्ह झाडू. राजकारण साफ करायचे, हा त्याचा सरळ अर्थ, आणि तो लोकांना भावला. पण आपल्या समाजात झाडू हे निव्वळ अवजार नाही. ते काही जातींच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या देण्यात आले आहे. याच वर्षी, सप्टेंबर २०१३ मध्ये, हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा नवा कायदा झाला. एकीकडे संसद त्या प्रथेवर बंदी घालत होती, दुसरीकडे मध्यमवर्गीय तरुण झाडू उंचावून नाचत होते. जो रोज पहाटे झाडूनेच शहर साफ करतो, त्याने या चिन्हाकडे कसे पाहिले असेल? त्याला ते आपला सन्मान वाटले, की आपल्या कामाची उसनवारी? दोन्ही उत्तरे शक्य आहेत. माहितीपटाने हा प्रश्न विचारायला हवा होता.

त्याचे उत्तर जिच्यापाशी सापडले असते, ती व्यक्ती माहितीपटात आहे. संतोष कोली. सुंदर नगरीतली दलित तरुणी, माहिती अधिकाराच्या लढ्यातून पुढे आलेली, सीमापुरी या राखीव मतदारसंघातील पक्षाची उमेदवार. तिच्याबरोबर कॅमेरा गल्लीत जातो तेव्हा प्रचार म्हणजे शेजारणींशी बोलणे होते. जून २०१३ मध्ये तिला अपघात झाला आणि ऑगस्टमध्ये तिचे निधन झाले. माहितीपटातला हा सर्वांत जड भाग आहे. दिग्दर्शक तो संयमाने दाखवतात.

पण नंतर काय होते पाहा. तिच्या जाण्यानंतर कथानक अधिकाधिक एका माणसाभोवती फिरू लागते. ‘नगण्य माणूस’ या नावात उपरोध आहे, हे मान्य. तरीही प्रेक्षक म्हणून आपण नगण्य माणसांकडून एका गण्य माणसाकडे कधी सरकलो, ते आपल्याला कळत नाही. पक्षाचेही तेच झाले. निकालानंतरच्या विधानसभेत ७० पैकी फक्त ३ स्त्रिया होत्या. तिघीही याच पक्षाच्या, म्हणजे इतरांच्या मानाने तो पुढेच होता. पण जो पक्ष व्यवस्था बदलायला निघाला होता, त्याच्या २८ आमदारांत ३ हा आकडा समाधानाचा नाही.

५. निकाल आणि त्यानंतर

माहितीपटाचा कळस म्हणजे निकालाचा दिवस. भाजप ३१, आप २८, काँग्रेस ८. केजरीवाल यांनी शीला दीक्षित यांचा पराभव केला. पडद्यावर हा क्षण थरारक आहे. मात्र जागांचे आकडे लोकमत जितके हलल्यासारखे दाखवतात, तितके ते हललेले असतेच असे नाही. २०१३ मध्ये भाजपला सुमारे ३३ टक्के मते होती. २०१५ मध्ये सुमारे ३२ टक्के होती, पण जागा मात्र ३ आल्या. दरम्यान आपची मते २९ वरून ५४ टक्क्यांवर गेली आणि त्याला ६७ जागा मिळाल्या. भाजपचा मतदार जवळपास जागच्या जागीच होता. मुख्यतः काँग्रेसकडची मते सरकली, ती सुमारे २५ वरून १० टक्क्यांखाली आली. ‘लाट आली’ असे म्हणण्यापूर्वी मतांची टक्केवारी पाहायची सवय लावा.

पहिले सरकार ४९ दिवस टिकले. जनलोकपाल विधेयक मांडता न आल्याने १४ फेब्रुवारी २०१४ ला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे योगेंद्र यादव यांना एप्रिल २०१५ मध्ये पक्षातून काढण्यात आले. देणगीदारांची जी यादी संकेतस्थळावर अभिमानाने लावली होती, ती नंतर काढली गेली. मोहल्ला सभांना अधिकार देणारा स्वराज कायदा झालाच नाही. मोहल्ला क्लिनिक आणि सरकारी शाळांवरचा खर्च ही जमेची बाजू आहे, ती नाकारू नये. पण त्यातही ‘आम्ही तुम्हाला देतो’ हे नाते राहिले. ‘तुम्ही ठरवा’ हे मागे पडले. २०२५ मध्ये हाच पक्ष २२ जागांवर आला.

माहितीपट २०१३ मध्ये थांबतो, हा त्याचा दोष मानता येणार नाही. पण उमेदवारीवरून जाब विचारणारे ते कार्यकर्ते आठवा. पुढच्या सगळ्या घटनांचे बीज त्या खोलीत होते. दिग्दर्शकांनी ते टिपले आणि विजयाच्या ओघात सोडून दिले. त्या कार्यकर्त्यांपैकी एकाकडे जरी शेवटी परत गेले असते, तर हा चांगला माहितीपट मोठा झाला असता.

६. सारांश

प्रचार लोकांच्या प्रश्नांवर उभा करता येतो, पैसा उघडपणे जमवता येतो आणि एका वर्षात प्रस्थापितांना हरवता येते, हे या माहितीपटातून शिकण्यासारखे आहे. त्याचबरोबर प्रचारात राबणाऱ्यांना निर्णयात वाटा मिळाला नाही, तर चांगला प्रचारही शेवटी एका चेहऱ्याची जाहिरात होतो. तुमच्या गावात, प्रभागात किंवा राज्यात पुढची निवडणूक येईल तेव्हा घोषणा ऐकाच, पण उमेदवार कोणी निवडला, हेही विचारा. ते उत्तर टाळले गेले, तर निकालानंतर काय होणार याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या घराचा महिन्याचा पाण्याचा वापर काढा. २० हजार लिटरच्या मर्यादेत तो बसतो का? घरात आणखी तीन माणसे असती तर बसला असता का?
२. तुमच्या भागातील मागच्या निवडणुकीतले एक वचन निवडा. ते पाळण्याचा अधिकार ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, राज्य आणि केंद्र यांपैकी कोणाकडे होता?
३. निवेदक नसलेला माहितीपट तटस्थ असतो का? या माहितीपटातील एका प्रसंगाच्या आधारे उत्तर द्या.
४. संतोष कोली यांच्या नजरेने हा माहितीपट पुन्हा सांगायचा झाला, तर तुम्ही शेवट कुठे कराल?