वाघ समोर, रातकिडे मागे : सराउंड आवाजाची चाचणी कोण करतं?

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? येतोय. छान. आता दुसरा प्रश्न विचारतो, जो सहसा कोणी विचारत नाही. कुठून येतोय? बोट दाखवा बरं. बहुतेकांनी माझ्याकडे दाखवलं. भिंतीलगत बसलेल्या ताईंनी मात्र डोक्यावरच्या स्पीकरकडे दाखवलं. त्यांचं काही चुकलेलं नाही. आजचं माझं सगळं बोलणं या दोन बोटांमधल्या फरकाबद्दल आहे.

आपल्याकडे माईकची चाचणी म्हणजे ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’. सराउंड आवाजाच्या सॉफ्टवेअरमधली चाचणी यापेक्षा फार पुढे गेलेली नाही, असं माझं म्हणणं आहे. बटण दाबलं की एक बाई सांगते, ‘पुढचा डावा’, ‘मधला’, ‘मागचा उजवा’. किंवा पावसासारखा एक सळसळाट एकेका स्पीकरमधून गोल फिरतो. स्क्रीनवरच्या पट्ट्या हिरव्या होतात. यातून काय सिद्ध होतं? वायर बरोबर लागली आहे, एवढंच. कारण हा आवाज थेट त्या-त्या स्पीकरला पाठवलेला असतो. ज्याची परीक्षा घ्यायची त्या डिकोडरमधून बहुतेक वेळा तो जातच नाही.

डिकोडर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. तुमच्या फाइलमध्ये जेवढे आवाजाचे पट्टे असतात, त्यातून खोलीतल्या प्रत्येक स्पीकरला काय द्यायचं हे ठरवणारं गणित. स्पीकर चार असोत, सहा असोत की आठ, गणित बदलायचं. चितळ डावीकडे ओरडलं असेल तर ते डावीकडेच राहायला हवं.

मी स्वतः कसा फसलो ते सांगतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. तिथून जवळच एका पहाटे मी रेकॉर्डिंग केलं. माईक एकच, पण त्याच्या डोक्यात चार कॅप्सूल. या पद्धतीला अँबिसॉनिक्स म्हणतात. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात मायकेल गर्झन यांनी तिचं गणित बसवलं. त्यात चार पट्टे तयार होतात. पहिल्यात फक्त आवाज, त्याला दिशा नाही. उरलेल्या तिनांत पुढे-मागे, डावं-उजवं आणि वर-खाली. माझ्या डावीकडे नदीचा आवाज होता, वर झाडांत पाखरं, आणि समोर लांबवर कोंबडं आरवत होतं.

घरी आलो. चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले, फाइल लावली. सगळ्या पट्ट्या नाचताहेत. ऐकायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, ‘वा, जंगलात बसल्यासारखं वाटतं!’ मलाही वाटलं. कित्येक आठवडे वाटत राहिलं.

मग एकदा ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरचे एक ओळखीचे गाइड चंद्रपुरात कामाला आले होते, त्यांना बसवलं. काहीही न सांगता. त्यांनी डोळे मिटले, मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवली, आणि विचारलं, ‘भाऊ, नदी पुढंच होती काय?’ मी म्हटलं, नाही, डावीकडे होती. ‘मग हे पाखरं डाव्या बाजूला खाली कसे? अन् कोंबडा तं कुठंच नाही. आहे, पण कुठंच नाही.’

त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. अँबिसॉनिक्सचे पट्टे लिहायचे दोन क्रम प्रचलित आहेत. जुन्यात आवाजानंतर पुढचा, मग डावा, मग वरचा. नव्यात डावा, वरचा, मग पुढचा. माझी फाइल नव्या क्रमातली आणि मी निवडलेला डिकोडर जुन्या क्रमाचा. त्यामुळे डावीकडची नदी पुढे आली, वरची पाखरं डावीकडे उतरली, आणि समोरचं कोंबडं ‘वर’ गेलं. वर स्पीकर नव्हताच, म्हणून त्याची दिशाच पुसली गेली. ते चारी बाजूंनी सारखं आरवू लागलं. सॉफ्टवेअरची चाचणी मात्र पूर्ण पास! ‘जंगलात बसल्यासारखं वाटतं’ म्हणणारे आम्ही सगळेही पास झालेलो.

ही चूक सेटिंगची होती, दोन मिनिटांत दुरुस्त झाली. पण काही डिकोडर अगदी बरोबर चालत असतानाही जंगलाबद्दल खोटं सांगतात, आणि ते मला जास्त गंभीर वाटतं.

साध्या स्टिरिओचं सराउंड करणारे डिकोडर घ्या. त्यांचं मूळ सिनेमात आहे. दोन पट्ट्यांत चार दिशा कोंबायच्या आणि थिएटरात पुन्हा उलगडायच्या. डॉल्बीने हे १९८२ मध्ये घरात आणलं आणि १९८७ मध्ये प्रो लॉजिक नावाने सुधारलं. नियम साधा: दोन्ही पट्ट्यांत जे सारखं आहे ते समोर मध्यभागी, आणि ज्यांचं जुळत नाही, विशेषतः जे उलटं आहे, ते मागे. सिनेमाला हे चालतं, कारण तिथे मिक्स करणाऱ्याने त्या नियमाप्रमाणेच आवाज भरलेला असतो. जंगल काही कोणी मिक्स केलेलं नाही. दोन माईक दोन-तीन मीटरवर ठेवून केलेलं रात्रीचं रेकॉर्डिंग यातून काढा. हजार रातकिडे, दोन माईकमध्ये कधीच न जुळणारे, त्यांचा बराच भाग मागे जातो. चितळाचा एक कॉल दोन्ही माईकवर एकदम पोचला की तो समोर. ते चितळ तुमच्या पाठीमागे का ओरडलेलं असेना! दोन माईकना तो फरक कळला नव्हता, आणि डिकोडरने विचारलं नाही.

म्हणजे वाघ-चितळ समोर, रातकिडे मागे. हे जंगल नव्हे, ही जिप्सीत कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाची इच्छा आहे. गंमत अशी की ऐकणाऱ्याला ते आवडतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

आता ५.१ची मांडणी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पुढचे दोन स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर, बाजूचे-मागचे १०० ते १२० अंशांवर. मधली ७०-९० अंशांची जागा रिकामी. तिथे बसवलेला आवाज एक तर पुढच्या स्पीकरला चिकटतो नाहीतर मागच्या. पडदा समोर असतो, म्हणून सिनेमाला हे परवडतं. पण ताडोब्यात समोर काय असतं? रस्ता. जंगल दोन्ही बाजूंना असतं. गाइड गाडी थांबवतो तो बाजूच्या बांबूतून आलेल्या कॉलवर. म्हणजे ही मांडणी नेमकी तिथे कच्ची, जिथे आपल्या जंगलात ऐकायचं असतं. ७.१ मध्ये बाजूला स्वतंत्र स्पीकर येतात, तिथे फरक जाणवतो.

आणि हे सगळं मधोमध बसलेल्या एकाच माणसासाठी. आपले कान दिशा ओळखतात ती दोन कानांत पडणाऱ्या एका मिलिसेकंदाहूनही कमी फरकावरून, आणि जो आवाज आधी पोचतो त्यावर विश्वास ठेवतात. तुम्ही एका स्पीकरला दहा मीटर जवळ असाल तर त्याचा आवाज सुमारे २९ मिलिसेकंद आधी येतो. मग डिकोडरने काहीही ठरवलं तरी तुमच्यासाठी सगळं जंगल त्याच खोक्यात. झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर मंडपाच्या कडेला बसलेल्यांना हे सांगायला नको. नायक रंगमंचाच्या मधोमध रडतो, आणि त्याचं रडणं बांबूला बांधलेल्या स्पीकरमधून येतं. तिथला साउंडवाला दोन्ही बाजूंना एकच आवाज सोडतो. आमचे काही मित्र त्याला मागासलेपणा म्हणतात. मला तो शहाणपणा वाटतो. कडेच्या माणसाला अर्धं नाटक मिळू नये, हे त्याला कळलेलं असतं.

मग चाचणी कशी घ्यायची? मी आता अशी घेतो. ज्याची जागा मला ठाऊक आहे असा आवाज रेकॉर्ड करतो. चारी बाजूंना फिरून टाळी वाजवली तरी चालते, तुटक आवाजाची दिशा लवकर कळते. तीच फाइल चार स्पीकरवर, ५.१वर, ७.१वर आणि हेडफोनवर लावतो. ऐकणाऱ्याला ‘कसं वाटलं’ विचारत नाही. डोळे मिटून बोट दाखवायला सांगतो, मान फिरवायची मुभा देतो, कारण पुढचं-मागचं मान फिरवल्यावरच नीट कळतं. हेडफोनवर मात्र मानेबरोबर जंगलही फिरतं, तिथे ही सोय नाही. आणि मधली खुर्ची रिकामी ठेवतो.

बोलणं पुरे. दिवे घालवा. आज चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवलेत. भामरागडची तीच पहाट दोनदा लावतो, एकदा चुकीच्या क्रमाने, एकदा बरोबर. कोणती आधी, ते सांगणार नाही. डोळे मिटा, कोंबडं कुठे आहे ते बोटाने दाखवा. भिंतीलगतच्या ताई, पहिलं बोट तुमचं.