घरचा पाठ आणि वर्गांतला अभ्यास

नवी अध्यापनपद्धति आपल्याकडे येते, ती बहुधा नांवानें आधीं व अर्थानें मागाहून. 'फ्लिप्ड क्लासरूम' या नांवाचें तसेंच झालें आहे. अहमदनगर जिल्ह्यांत (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर) प्राध्यापक मंडळींच्या बैठकींतून व नॅकच्या मूल्यमापनासाठीं रचल्या जाणाऱ्या अहवालांतून तें आमच्या कानीं वारंवार पडूं लागलें. तेव्हां ज्या पुस्तकामुळें तें विशेष रूढ झालें, तें एकदां नीट वाचावें असें आम्हांस वाटलें. जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांचें 'फ्लिप युवर क्लासरूम' हें पुस्तक २०१२ सालीं अमेरिकेंत निघालें. तें लहान आहे, भाषा घरगुती आहे, आणि लेखकांच्या अंगीं पांडित्याचा आव मुळींच नाहीं.

दोघेहि कोलोरॅडो संस्थानांतील वुडलंड पार्क या डोंगराळ गांवच्या शाळेंत रसायनशास्त्र शिकवीत. खेळांच्या सामन्यांसाठीं मुलें दूरदूरच्या गांवीं जात व त्यांचे तास बुडत. म्हणून २००७ सालीं त्यांनीं आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवण्यास आरंभ केला. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, व्याख्यान ऐकतांना मुलाला शिक्षक जवळ असावाच लागतो असें नाहीं. उदाहरण सोडवितांना तो अडतो, तेव्हां मात्र लागतो. आणि नेमका त्याच वेळीं मुलगा घरीं एकटा असतो. मग त्यांनीं क्रमच पालटला. व्याख्यान घरीं, घरचा अभ्यास वर्गांत. दीड तासाच्या तासिकेंत सुमारें ७५ मिनिटें उदाहरणांना व प्रयोगांना मिळूं लागलीं, असा त्यांचा हिशेब आहे. ज्यांच्या घरीं इंटरनेट नव्हतें, त्यांना त्यांनीं तबकड्या करून दिल्या. कल्पना अगदींच नवी आहे असा दावा कोणीं करूं नये. हार्वर्डचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझूर हे १९९० नंतरच्या दशकांतच विद्यार्थ्यांना आधीं वाचून यावयास लावून वर्गांत एकमेकांशीं वाद घालावयास लावीत होते.

या पुस्तकाचें मर्म चित्रफितींत नाहीं, हें आमच्याकडे पुष्कळांच्या लक्षांत आलेलें दिसत नाहीं. चित्रफीत ही केवळ जागा मोकळी करण्याची युक्ति होय. त्या मोकळ्या जागेंत शिक्षकानें बाकाबाकापाशीं जाऊन बसावें, हें खरें प्रयोजन. मार्च २०२० मध्यें महाविद्यालयें बंद झालीं, तेव्हां घरीं पाठ पाहण्याचा अर्धा भाग आपण सर्वांनीं सक्तीनें अनुभवला; दुसरा अर्धा मुळीं आलाच नाहीं. तरीहि कित्येकांची अशी समजूत झाली कीं, पद्धति आपल्याला अवगत झाली!

आतां आमचा मुख्य आक्षेप. या ग्रंथांतील 'घर' या शब्दांत एक खोली, एक यंत्र आणि संध्याकाळचे कांहीं निवांत तास गृहीत धरलेले आहेत. पाथर्डी-शेवगांवकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघूं लागतात व कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहींत. तेथें खेळासाठीं मुलें बाहेरगांवीं जातात, येथें पोटासाठीं. वरवर पाहतां ही पद्धति त्यांच्याचसाठीं जन्मली असें वाटेल. पाठ मोबाईलवर थेट कोपींत पोंचेल. पोंचेलहि, पण जो पहांटेपासून ऊस तोडतो आणि रात्रीं गाडी भरतो, तो ऐकणार केव्हां? शिवाय त्याच्या वांट्याला येणार तो व्याख्यानाचाच भाग, म्हणजे लेखकांच्या मतें ज्याला शिक्षकाची गरज कमी तो. जो मोलाचा, तो वर्गांतच राहिला. जीं मुलें मागें राहतात, त्यांच्यावर धाकटीं भावंडें, म्हातारीं माणसें आणि गुरें यांचा भार असतो.

शिक्षकाची बाजूहि पुस्तकांत तोकडी आहे. आपल्याकडे तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांची संख्या थोडी नाहीं, आणि त्यांचें मानधन घेतलेल्या तासांवर मोजलें जातें. घरीं बसून पाठ तयार करण्याचे, तो कापून-जोडून पंधरा मिनिटांत बसविण्याचे तास कोणत्या रकान्यांत लिहावयाचे? हा प्रश्न वुडलंड पार्कला पडला नसेल, आपल्याला पडतो.

साहित्याच्या अध्यापकांस तर या सर्वांचें किंचित् हसूंच येईल. कादंबरी घरीं वाचून यावी व वर्गांत तिच्याविषयीं बोलावें, हा त्यांचा जुनाच आग्रह. तो मोडला गाईडांनीं. गाईड घरीं वाचावयाचें आणि वर्गाला यावयाचेंच नाहीं, ही देखील उलटलेल्या वर्गाचीच एक देशी आवृत्ति म्हणावी लागेल.

असें असतांहि आम्ही ही पद्धति टाकाऊ मानीत नाहीं. जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांस बसावयास मिळालें. मागणीच्या लवचिकतेवरील पाठ मुलांनीं पाहून यावयाचा होता. किती जणांनीं पाहिला असें विचारतांच मोजकेच हात वर झाले. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, मोबाईल भावाकडे असतो. तो रात्रीं उशीरां येतो." प्राध्यापक रागावले नाहींत. त्यांनीं भिंतीवर तो पाठ तेथेंच दहा मिनिटें लावला, चौघाचौघांचे गट केले आणि एकच प्रश्न घातला: कांद्याचें पीक दुप्पट आलें, तर शेतकऱ्याचें उत्पन्न दुप्पट होईल काय? मग ते गटागटांतून फिरूं लागले. आम्ही ज्या बाकाजवळ होतों तेथें प्रथम सूत्रें लिहिलीं गेलीं, मग खोडलीं गेलीं. तीच मुलगी घोडेगांवच्या बाजारांत वडिलांना गेल्या वर्षीं काय भाव मिळाला तें सांगूं लागली. दुसरीनें तिच्याशीं कडाडून वाद घातला. भाव निम्म्याहून खालीं गेला तर माल दुप्पट असूनहि पदरीं कमीच पडतें, हें दोघींनीं वहींत आंकडे मांडून ताडून पाहिलें. प्राध्यापक तेथें आले तेव्हां त्यांना सांगण्यासारखें थोडेंच उरलें होतें; मागणी ताठर असणें म्हणजे हेंच, एवढें ते म्हणाले. पुस्तकांतील नियमाप्रमाणें हा वर्ग उलटा नव्हता, कारण पाठ घरीं झालाच नव्हता. घंटा झाली तरी त्या दोघींचा हिशेब चालूच होता, अखेर एस. टी. चुकेल म्हणून त्या वह्या मिटून धांवत गेल्या.