लेखन एक झालं, अर्थ दोनच राहिले

मलय आणि इंडोनेशियन भाषांचा विषय निघाला की आपण 'भाषा एकच, नावं दोन' असं म्हणून मोकळे होतो. मग गमतीच्या शब्दांची यादी येते, सगळे हसतात, विषय संपतो. आमचा आक्षेप आहे तो या हसून सोडून देण्याला.

'पर्चुमा' हा शब्द घ्या. क्वालालंपूरच्या पाटीवर 'पर्चुमा' असेल तर वस्तू फुकट आहे. जकार्तात मात्र रोजच्या बोलण्यात 'पर्चुमा' म्हणजे व्यर्थ, काही उपयोग नाही. मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. आपलं 'फुकट' दोन्हीकडे चालतं: वस्तू फुकट मिळते आणि मेहनतही फुकट जाते. आपल्याकडे एका घरात नांदणारे हे अर्थ तिकडे दोन देशांत वेगळे राहायला गेले.

शब्दांच्या अशा फाटाफुटीमागे इतिहासही आहे. 1824 साली इंग्रज आणि डच यांनी करार करून मलय जगाची वाटणी केली. पुढे एकीकडे इंग्रजीतून शब्द आले, दुसरीकडे डचमधून. म्हणून 'पोलिसी' म्हणजे मलेशियात धोरण आणि इंडोनेशियात पोलीस!

मग 1972 साली दोन्ही देशांनी लेखनपद्धती एक केली. 'पर्चुमा'मधला 'च' इंडोनेशियात 'टीजे' असा लिहीत, मलेशियात 'सीएच' असा; आता दोघंही नुसता 'सी' लिहितात. वाचणं सोपं झालं हे खरंच. पण शब्द परका असू शकतो हे सुचवणारी खूणही त्यात पुसली गेली, याची चर्चा फारशी होत नाही.

ती व्हायला हवी. 'बुदाक' म्हणजे मलेशियात मूल, इंडोनेशियात गुलाम. मलेशियातल्या कितीतरी घरांत इंडोनेशियन बायका कामाला असतात. नव्यानं आलेल्या बाईला 'बुदाककडे लक्ष दे' असं सांगितलं तर तिच्या कानाला काय ऐकू येत असेल? निदान हा शब्द दोन दिवसांत उलगडतो. पण पगार, सुट्टी, कामाचे तास यांच्या कागदावर 'भाषा तर एकच आहे' असं धरून चाललं, तर गैरसमजाची किंमत मोजते ती सही करणारी बाई, मालक नव्हे.

म्हणून खरा अर्थ कोणाचा, हा वाद आम्हाला फुकटचा वाटतो. कोशात दोन्ही अर्थ शेजारीशेजारी छापावेत. आणि करार मात्र तिला तिच्या भाषेत द्यावा, ती भाषा आपलीच वाटत असली तरी.